ओठ मिटायला शिकले ते वर्ष

सरांनी नकाशे चिकटवायची खाकी पट्टी ओढली, दातांनी तोडली आणि माझ्या तोंडावर लावली. या गालापासून त्या गालापर्यंत. वरून अंगठा घासून पक्की केली. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आता पाहा, कशी माणसात आल्यासारखी दिसते."

वर्ग हसला. पोट धरून हसला. माझ्याच वस्तीतली, पुऱ्यातली दोन पोट्टी होती, तीही हसली. मी सहावीत होते.

गुन्हा काय, तर मी हात वर केला होता. आमच्या शाळेत रीत होती. सव्वीस जानेवारीला सातवीतलं एक लेकरू अख्ख्या गावासमोर माइकवर संविधानाची प्रस्तावना वाचायचं. त्या वर्षीचा कार्यक्रम नुकताच झाला होता आणि सरांनी सहज विचारलं, "पुढच्या वर्षी कोण वाचणार?" माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. जाणारच. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या विहाराच्या भिंतीवर ती प्रस्तावना निळ्या रंगात लिहिली होती. मी वाचायला शिकले ती त्या भिंतीवर. वाचण्यात मला वर्गात कोणी हरवू शकत नव्हतं, आणि हे सरांनाही माहीत होतं.

"वाच," सर म्हणाले. मी पुस्तकातून वाचायला लागले. कुठंच अडखळले नाही. पण माझं तोंड! ते कधी मिटायचंच नाही. खालचा ओठ लोंबलेला, जीभ दातांच्या मधून बाहेर आलेली. 'सार्वभौम' म्हणायला जावं तर 'थार्वभौम' व्हायचं, 'समता'ची 'थमता'. आणि लाळ. वाचता वाचता एक थेंब पानावर पडला. सरांनी दोन बोटांनी पुस्तक उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं.

"ही गळकी तोटी गावासमोर उभी करू मी? काय गं, तुमच्या पुऱ्यात सगळेच असे तोंड वासून बसता का?"

मग ती पट्टी. "तास संपेपर्यंत राहू दे. हात मागे. सवय अशीच मोडते."

आता ऐका. माझं नाक बंद होतं. सर्दी झाली म्हणून नाही. कळायला लागल्यापासून बंद होतं. सगळी माणसं तोंडानंच श्वास घेतात असं मी समजत होते. खरंच समजत होते. नाक म्हणजे शेंबूड यायची जागा, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे पट्टी लागली आणि हवा थांबली. नाकातून ओढते तर आत थोडीशी शिट्टी वाजायची, हवा यायचीच नाही. छातीत कळ उठली. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. सरांकडे बघितलं. ते फळ्यावर गणित लिहीत होते. मी हात सोडले आणि पट्टी ओढून काढली. खालच्या ओठाची साल तिच्यासोबत निघाली. मग ओकले. सरांच्या टेबलाच्या पायापाशी सकाळची भाकर पडली.

"नाटकं करते," सर म्हणाले आणि कानाखाली वाजवली. टेबलाचा पाय मला माझ्याच कापडी दप्तरानं पुसायला लावला. मी पुसला. मुकाट पुसला. त्याची लाज आजही जात नाही.

माय दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला होती. जिनिंग सरांच्या मोठ्या भावाचं. तिथं कापसाची सरकी वेगळी काढायचे रेचे ओळीनं चालायचे आणि बाया त्यांच्या तोंडी कापूस घालायच्या. हवेत सगळी रुईच रुई उडायची. बाया नाकातोंडाला फडकी बांधायच्या. लेकरांना कोण बांधतं? बाप मी पाळण्यात असतानाच गेला होता, त्यामुळे माय मला सोबत न्यायची. मी त्या कापसाच्या ढिगांवर झोपले, रांगले, वाढले. आणि मी सहावीत होते त्या वर्षी कापसाचे हाल चालू होते. भाव नव्हता, अळीनं बोंडं खाल्ली होती, लोकांनी होता नव्हता तो कापूस भाव येईल म्हणून घरातच दाबून ठेवला होता. जिन आठवड्यातले चारच दिवस चालायचं. फाटकाबाहेर कामाला उभ्या असलेल्या बाया रोज वाढत होत्या.

म्हणून मी घरी येऊन सोललेला ओठ दाखवला तेव्हा मायनं पहिलं काय विचारलं असेल?

"तू सराले काही बोलली तं नाई ना?"

नाही बोलले, म्हटलं. ती मोकळी झाली. मग तिनं ओठाला खोबरेल लावलं.

आता जे सांगते ते सांगताना मायचा राग येत नाही, पण लपवतही नाही. तिला वाटलं, सर शिकलेला माणूस आहे. पट्टी लावायची त्याची तऱ्हा वाईट, पण अक्कल खरी असेल. तोंड बांधून ठेवलं तर तोंडाला सवय लागेल. पट्टीनं कातडी निघते, कापडानं निघत नाही. रविवारी दुपारी तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मला खाटेवर आडवी केली आणि हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली. ओठांशी थोडी फट राहील अशी सैल, प्रेमानं. म्हणाली, "झोप थोडी. मी बसतो इथंच." मी ओठांच्या कोपऱ्यातून हवा ओढत पडून राहिले. डोळा लागला.

शेजारची शांतामावशी चूल पेटवायला इस्तव मागायला आली. दारातच किंचाळली.

"अवं माय! कवा मेली वं पोरगी?"

आमच्याकडे माणूस मेलं की त्याची हनुवटी अशीच बांधतात. जबडा वासून राहू नये म्हणून. लुगड्याची पट्टी, डोक्यावर गाठ, अगदी तशीच. शांतामावशीनं छाती पिटायला सुरुवात केली तेव्हा कुठं मायला आपण काय केलं ते दिसलं. तिनं गाठ सोडायला घेतली तर सुटेना. शेवटी दातांनी तोडली. मला छातीशी धरून रडली आणि रडता रडता सरांना अशा शिव्या दिल्या की शांतामावशी उठून दार लावायला गेली. कोणी ऐकलं तर?

मंगळवारी तिनं कामाचा खाडा केला आणि मला एसटीनं यवतमाळला नेलं. मोठ्या दवाखान्यात नाकाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं. नाकाच्या मागच्या बाजूला मांस वाढलंय, म्हणाला, आणि रुईच्या धुळीनं नाक आतून सुजलेलं आहे. ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी मी पहिल्यांदा नाकानं पूर्ण श्वास घेतला. थंड हवा थेट कपाळात गेल्यासारखी वाटली. मी घाबरून मायचा हात धरला.

पण तोंड? तोंड उघडंच! नाक मोकळं झालं तरी ओठ लोंबलेलेच, जीभ बाहेर, लाळ चालू. मायचा धीर सुटला. "आता काहून वासतं वं? आता तं हवा येते ना?" मिटून धरलं तर हनुवटीवर सुरकुत्या पडायच्या, गाल दुखायचे आणि मन दुसरीकडे गेलं की जबडा खाली.

डॉक्टरनं आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं पंधरा दिवसांतून एकदा नागपूरहून एक मॅडम यायच्या. काम एकच, तोंडाचे आणि चेहऱ्याचे स्नायू नीट वागायला शिकवणं. असलं काही काम असतं हे आम्हाला कुठून माहीत? मॅडमनं मोजे घातले आणि म्हणाल्या, "आ कर." मी मागे सरकले. वाटलं, आता ही नाक मुरडणार, हात झटकणार. त्यांनी बोट सरळ माझ्या तोंडात घातलं. लाळ त्यांच्या मनगटावर ओघळली. त्यांनी पुसली आणि परत बोट घातलं. किळस न करता माझ्या तोंडाला कोणी हात लावू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला रडू फुटलं.

"रडायचं ते घरी. इथे मला पंधरा मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या.

अशी बाई. गोड बोलणं नाहीच. पण त्यांनी मायला समोर बसवून नीट समजावलं. ही सवय नाही, खोड तर नाहीच नाही. नाक बंद होतं, म्हणून जगायला तोंड उघडं ठेवावं लागलं. इतकी वर्षं उघडं राहिलं म्हणून ओठांचे स्नायू ढिले पडले, जीभ वर टाळूला टेकायची ती खाली पडून राहिली, गिळताना दातांना ढकलायला लागली. म्हणून दात पुढे, म्हणून 'स'चा 'थ', म्हणून लाळ. आता नाक उघडलं, पण हे स्नायू आपोआप कामाला लागणार नाहीत. एकेकाला शिकवावं लागेल. रोज. तीनदा. वर्ष लागेल.

"मारून, बांधून होईन काय लौकर?" मायनं विचारलं.

"बांधून तिला मारलं असतं तुम्ही," मॅडम म्हणाल्या. माय खाली मान घालून बसली. तो अपमान तिला माझ्यामुळे सोसावा लागला असं मला वाटलं.

मग सुरू झालं. कोटाचं मोठं बटण, त्याला दोरा ओवलेला. दोरा मायनं जिनमधून आणला, कापसाच्या गाठी शिवायचा, जाडजूड. बटण ओठांच्या आत, दातांच्या पुढं. माय दोरा ओढायची आणि मी ओठांनी धरून ठेवायचं. पहिल्या दिवशी नुसतं हिसकलं तरी बटण बाहेर. माय म्हणायची, "धर वं! धर!" जसं काही विहिरीतून बादली ओढून राहिली. पुढं जिभेचं. वरच्या दातांच्या मागं जी खडबडीत जागा असते तिथं जिभेचं टोक ठेवायचं. तेच तिचं घर, मॅडम म्हणाल्या. मग अख्खी जीभ टाळूला चिकटवायची, तोंड उघडायचं आणि सोडायची. टक्! हे मात्र मला पहिल्याच दिवशी जमलं. मॅडमनं विचारलं, हे कुठून शिकलीस? मी म्हटलं, बैल हाकलताना करतात ते. त्या पहिल्यांदा हसल्या.

गिळणं सर्वांत अवघड. तुम्ही कधी विचार केला का हो, आपण गिळतो कसं? मला करावा लागला. पाण्याचा घोट घ्यायचा. दात मिटलेले, ओठ मिटलेले पण आवळलेले नाही, जीभ वर. आणि गिळायचं. आरशात बघायचं, ओठ हलला तर चुकलं. मी शेकडो वेळा चुकले. पाणी नाकात गेलं, छातीवर सांडलं. गाल असे दुखायचे की भाकर चावायची चोरी. माय कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी ओरडायची, "ओठ!" भांडी घासताना, "ओठ!" पुऱ्यातली लेकरंही मग मला बघून ओरडायला लागली.

आणि घोट धरून चालणं. घरून पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा आणि शाळेच्या फाटकापर्यंत नाकानं श्वास घेत जायचं, न गिळता, न सांडता. पोट्ट्यांना खेळच मिळाला. कोणी गुदगुल्या करी, कोणी मागून चिमटा काढी, पाणी उडालं की टाळ्या. मी परत घरी जायची, परत घोट घ्यायची, परत निघायची. उशीर झाला की सर बाहेर उभं करायचे. पावसाळा असाच गेला.

दिवाळीनंतर एक दिवस मॅडमनं मला 'सात सशांची सावली' दहा वेळा म्हणायला लावलं. दहाही वेळा 'स' जागेवर. त्यांनी मोजे काढले. "दात थोडे पुढेच राहतील. ते मला जमणार नाही. बाकी तुझं तू कमावलंस."

शाळेत सरांच्या लक्षात आलं. विचारलं काहीच नाही. डिसेंबरात म्हणाले, "प्रस्तावना तू वाच." मला वाटलं, माझ्या वाचण्याला मान मिळाला. किती खुळी मी! महिनाभर हवेत होते. मायनं नवीन रिबिनी आणल्या.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला. खुर्च्यांवर सरपंच, गावातली मोठी माणसं आणि पाहुणे म्हणून सरांचे भाऊ, जिनवाले. मागं सगळं गाव. आमच्या पुऱ्यातल्या बाया कडेला, त्यांत माय. सर माइकवर गेले. मला जवळ ओढलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"ही पोरगी मागच्या वर्षी कशी होती, तुम्ही पाहिलीच. तोंड उघडं, लाळ गळत. या लोकांच्या घरी वळण लावायला कोणाला वेळ असतो? मी लावलं. थोडी कडक शिस्त केली, तोंडाला पट्टी लावली, आणि आज पाहा!" मग माझी हनुवटी धरून चेहरा खुर्च्यांकडे फिरवला. बैलबाजारात दात दाखवतात तसा. टाळ्या पडल्या. जिनवाल्यांनी मान डोलावली.

"पाया पड," सर हळू म्हणाले. "आणि मग वाच."

वाचायचंच होतं मला. देवाशपथ सांगते म्हणायची आमच्यात रीत नाही, पण त्या क्षणी मला त्या कागदाशिवाय काही नको होतं. दोन क्षण वाकले असते तर वाचायला मिळालं असतं. माझ्या डोक्यात हा हिशेब नीट झाला. बारा वर्षांची असले तरी झाला. आणि मग संताप वर आला. वर्षभराचं दुखणं माझं. दोरा ओढला मायनं. बोट घातलं मॅडमनं. आणि हा माणूस माझा चेहरा स्वतःची वस्तू म्हणून दाखवतोय?

मी माइककडे वळले.

"सर, तुम्ही पट्टी लावली तेव्हा माझं नाक बंद होतं. माझा श्वास थांबला होता. मला यवतमाळच्या दवाखान्यातल्या मॅडमनं शिकवलं, माझ्या मायनं शिकवलं. मी तुमच्या पाया पडणार नाही."

सगळे 'स' जागेवर होते. सरांनी माइक ओढून घेतला. प्रस्तावना दुसऱ्याच पोरानं वाचली, तीन ठिकाणी अडखळत. मला पोलिसपाटलाच्या दोन पोरांनी धरून मैदानाच्या बाहेर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी जिनच्या फाटकावर मुकादमानं मायचं नाव घेतलं नाही. म्हणाला, पोरगी गावासमोर खोटं बोलली, असं तिनं सराले लेखी द्यावं, मग ये कामाले. माय दुपारी घरी आली, हातात फुलस्केप कागद.

"लिही."

"मी खोटं नाही बोलले."

"मले मालूम हाये ते. मी तुले खरं-खोटं इचारून नाई राह्यली. दोन ओळी लिही म्हनून राह्यली."

"नाही लिहिणार."

मायनं मारलं. तोंडावर मारलं. ज्या ओठांना तिनं वर्षभर बटण धरायला शिकवलं त्यांच्यावर मारलं. ओठ फुटला. मग ती थांबली, स्वतःच्या हाताकडे बघत बसली आणि पुन्हा म्हणाली, "तुह्या दोन ओळीनं काय झिजते वं?" संध्याकाळी तिनं कोणाकडून तरी माफीनामा लिहून आणला. फक्त सही करायची होती. मी दोन्ही हात काखेत दाबून बसले. तिनं विनवलं. मी सही केली नाही.

जिनचं काम गेलं ते गेलंच. माय दुसऱ्यांच्या शेतात कापसाच्या शेवटच्या वेच्याला जायला लागली, शाळा सुटली की मीही. वाळलेल्या बोंडांच्या काट्यांनी बोटं फाटायची. मायचा खोकला त्याच उन्हाळ्यात लागला, दवाखान्याला पैसे नव्हते, तो अजून गेलेला नाही. शाळेत सर्वांत मागच्या रांगेत बसवलं मला, आणि सातवी संपेपर्यंत सरांनी एकदाही वाचायला उभं केलं नाही.

आता मी यवतमाळला नोकरी करते. माय माझ्याजवळच असते. परवा गावाहून फोन आला. सरांचा मोठा सत्कार आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून तू ये, दोन शब्द चांगले बोल. मी मायला सांगितलं.

"जाय ना," माय म्हणाली. "म्हातारा झाला आता तो. बोल दोन शब्द."

"त्यानं तुझं काम घालवलं, माय."

माय खोकली. खोकला थांबेस्तोवर मी थांबले. मग ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "त्यानं नाई घालोलं. तू घालोलं. दोन ओळी लिहून देल्या असत्या तं मी इतकी खोकलत नसती."

खरं आहे तिचं. तरी मी तिच्यासमोरच फोन लावला. म्हटलं, मी येणार नाही. त्या माणसानं एका लेकराचा श्वास बंद केला आणि त्या लेकराच्या मायची भाकर तोडली, एवढंच मला त्याच्याबद्दल बोलता येतं. व्यासपीठावर हेच बोलू देणार असाल तर येते. समोरून फोन ठेवला गेला.

जेवताना मायनं तिचं ताट माझ्यापासून दूर ओढून घेतलं, भिंतीकडे तोंड करून बसली. बसू दे. खोटं मी तिच्यासाठीही बोलणार नाही.